गाडी रात्री कुठे उभी राहते?

पेट्रोलची एसयूव्ही देऊन इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, या विषयावर या महिन्यात बरीच पत्रं आली. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देतो आहे, कारण त्यातले आकडे नेमके आहेत आणि अशी घरं पुष्कळ आहेत. बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न : दादा, आमच्याकडे ९ वर्षं जुनी पेट्रोलची एसयूव्ही आहे. घरात आम्ही पाच जण : मी, यजमान, दोन मुलं आणि ७४ वर्षांचे सासरे. माझं ऑफिस जाऊन-येऊन ४६ किलोमीटर. महिन्यातून एकदा सासऱ्यांना घेऊन गावी जातो, ते ३१० किलोमीटरवर आहे. दोन मुक्काम करून परत. शोरूममध्ये ६० किलोवॉट-तास बॅटरीची गाडी दाखवली, ४३० किलोमीटर जाते म्हणाले. यजमानांचं म्हणणं, ८० ची घेऊ, वाटेत अडकायला नको. ती आमच्या बजेटच्या बाहेर जाते. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही सगळं लिहिलंत, पण एक गोष्ट राहिली आणि माझं उत्तर तिथेच अडतं. तुमची गाडी रात्री कुठे उभी राहते? तिथपर्यंत स्वतःच्या मीटरवरून वायर ओढता येईल का? याचं उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाचा. 'नाही' असेल तर आधी तिसऱ्या पत्राचं उत्तर वाचा.

मी २२ वर्षं गॅरेज चालवलं, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या उघडल्या आणि बंद केल्या. गेली चार वर्षं स्वतः इलेक्ट्रिक चालवतो. जुनी सवय सोडायला मला सहा महिने लागले. पेट्रोलची गाडी आपण रिकामी करतो आणि मग भरायला नेतो. ही गाडी उभी असताना भरते. तुमचे रोजचे ४६ किलोमीटर म्हणजे साधारण ८ युनिट वीज, भिंतीतून निघताना ९ धरा, कारण थोडी चार्जिंगमध्ये उष्णता होऊन जाते. किलोवॉट-तास म्हणजे आपल्या बिलातलं युनिटच. जाड पिनांच्या १६ अँपियरच्या सॉकेटवरून तासाला ३ युनिटं येतात. म्हणजे तीन तासांत तुमचा दिवस भरून निघाला, तुम्ही झोपेत असताना. रोजच्या वापराला ६० पुरते का, ८० लागते का, हा प्रश्नच उरत नाही. ४० सुद्धा पुरली असती.

आता तुम्हाला वाटत असेल की जुन्या गाडीची टाकी ५५ लिटरची आणि ही ६० युनिटांची बॅटरी, यांचा मेळ कसा घालायचा. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिटं ऊर्जा असते. म्हणजे तुमच्या टाकीत ४९० युनिटं होती! त्यातली जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचायची. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत. थंडीच्या दिवसांत आमच्या गॅरेजमधली पोरं नुकत्याच आलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात शेकायची. ती ऊब म्हणजे गिऱ्हाइकाचं पेट्रोल, हे मला तेव्हा कधी जाणवलं नव्हतं. इलेक्ट्रिक मोटर बॅटरीतली बहुतेक ऊर्जा चाकाला देते, म्हणून आठपट लहान साठ्यावर तिचं भागतं. पण त्याची दुसरी बाजू अशी की साठा लहान असल्यामुळे प्रत्येक उधळपट्टी दिसते. पेट्रोलच्या गाडीत वेग वाढवलात तर काट्याकडे लक्षही जात नाही. इथे लगेच कळतं.

आता ४३० किलोमीटरचं. शोरूमवाल्याने खोटं सांगितलं असं नाही. तो आकडा बहुधा डब्ल्यूएलटीपी नावाच्या चाचणीचा असेल. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, ३० मिनिटांची, सव्वातेवीस किलोमीटरची, आणि सरासरी वेग ताशी ४६ च्या आसपास. एसी बंद. गावातल्या मिश्र वापराला तो आकडा बराचसा जुळतो. महामार्गावर जुळत नाही, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की हवा जवळजवळ दुपटीने मागे ओढते. आणि एसयूव्हीचा आकार म्हणजे उभं कपाटच. माझ्या गाडीत एक वही असते, तिच्यात मी प्रत्येक लांबच्या प्रवासाचा खप लिहितो. शहरात १०० किलोमीटरला १४-१५ युनिटं. महामार्गावर ताशी ९० ने १७. ताशी ११० ने २१. पाच माणसं, सामान आणि एसी धरून तुम्ही २० चा हिशेब करा.

आधी एक प्रश्न शोरूमला विचारा : ६० हा आकडा वापरता येणाऱ्या क्षमतेचा आहे की एकूण? दोन्ही वेगळे असतात आणि आपल्याला पहिलाच कामाचा. तो ६० आहे असं धरू. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १५ टक्के राखून ठेवलीत, तर ५१ युनिटं मिळाली. २० च्या हिशेबाने २५५ किलोमीटर. गाव ३१० वर. कमी पडतात ५५. तेच ८० च्या गाडीत ६८ युनिटं मिळाली असती. ती गाडी थोडी जड असते, २१ चा खप धरला तरी ३२० च्या पुढे जाते. म्हणजे न थांबता गाव गाठता येईल.

तर ताई, तुम्ही दोघं ज्यावर वाद घालताय तो फरक इतकाच आहे : महिन्यातून एकदा जाताना एक आणि येताना एक थांबा. सासरे ७४ वर्षांचे आहेत, सोबत दोन मुलं आहेत. तुम्ही पेट्रोलच्या गाडीतही ३१० किलोमीटर न थांबता कधी गेला नसाल. त्या दोन थांब्यांसाठी २० युनिटांची जास्तीची बॅटरी, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास वजन, तुम्ही महिन्याचे उरलेले सगळे दिवस ऑफिसला नेणार आणि परत आणणार. मी ६० ची घेईन.

यजमानांची भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. वाटेतला चार्जर बंद निघतो. माझ्यावर असा प्रसंग तीनदा आला. उपाय असा की थांबा शेवटच्या टोकाला ठेवायचा नाही. २५० वर थांबायचं ठरवलंत आणि तिथला चार्जर बंद, तर तुम्ही अडचणीत. १८० वर थांबा. तेव्हा बॅटरीत ४० टक्के शिल्लक असेल. चार्जर चालू असेल तर तुम्हाला फक्त ११-१२ युनिटं घ्यायची आहेत, डीसी, म्हणजे रस्त्यावरच्या वेगवान चार्जरवर पाव तासाचं काम. बंद असेल तर पुढच्या ७०-८० किलोमीटरमधल्या दुसऱ्या चार्जरपर्यंत जायला गाडीत जीव आहे. निघण्याआधी दोन्ही ठिकाणं हेरून ठेवा. यजमानांना ही योजना कागदावर काढून दाखवा.

आणि खरं काम गावच्या घरी आहे. पहिल्या वर्षी मी बहिणीकडे गेलो. बॅटरी ११ टक्के. अंगणात ऐसपैस जागा, भिंतीला १६ अँपियरचा सॉकेट, मी निश्चिंत. चार्जर लावला तर लाल दिवा. दुसरा सॉकेट, तोच दिवा. चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते मिळालं नाही तर वीज घेतच नाही. बहिणीच्या घरात तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. फ्रीज, गीझर, सगळं वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, खड्डा खणून अर्थिंग केलं, संध्याकाळी गाडी लागली. मला त्या रात्री गाडीची नाही, बहिणीची काळजी वाटली. इतकी वर्षं ती ओल्या हातांनी त्या गीझरचं बटण दाबत होती.

म्हणून गाडी बुक करण्याआधी गावी जा. इलेक्ट्रिशियनकडून गाडीसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन, भार जास्त झाला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी, शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग, एवढं करून घ्या. गीझर अर्धा तास चालतो. गाडी दहा-बारा तास सलग ३ किलोवॉट ओढते. ढिल्या पिना, बारीक वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड या ओझ्याखाली वितळतात. मी वितळलेला प्लग हातात घेतलेला माणूस आहे, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नका. हे नीट झालं की एका रात्रीत गाडीत ३२ युनिटं येतील, दोन मुक्कामांत ती पूर्ण भरेल आणि परतीलाही तोच पाव तासाचा थांबा.

शोरूममध्ये चार्जिंगबद्दल दोनच गोष्टी विचारा. एक, एसीवर, म्हणजे घरच्यासारख्या साध्या विजेवर (थंड हवेचा एसी नव्हे), गाडी किती किलोवॉट घेते. हे गाडीतल्या चार्जरवर ठरतं. चार्जरच्या खांबावर २२ लिहिलेलं असलं आणि गाडी ७ च घेत असेल तर ७ च मिळणार. दुसरं, डीसीवर १० ते ८० टक्के किती मिनिटांत. 'दीडशे किलोवॉट' असा जो मोठा आकडा सांगतात तो काही मिनिटांपुरता असतो, पुढे वेग उतरतो आणि ८० टक्क्यांनंतर तर फारच मंदावतो. त्यामुळे वाटेत ८० च्या पुढे भरत बसू नका.

चाचणीला गाडी न्याल तेव्हा सासऱ्यांना मागे बसवा. हे मी फार कळकळीने सांगतो. बॅटरी तळाशी असल्यामुळे बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत मागची जमीन उंच येते आणि गुडघे वर येतात, मांड्यांना आधार राहत नाही. जुन्या एसयूव्हीत ते खुर्चीवर बसल्यासारखे बसत असतील. तीन तास गुडघे वर करून बसणं त्यांना झेपेल का, हे दहा मिनिटांच्या फेरीत कळणार नाही. अर्धा-पाऊण तास फिरवा. मुलांचंही बघा. पाय उचलला की गाडी मोटरनेच वेग कमी करते आणि बॅटरीत वीज परत भरते. ते जोरात ठेवलं तर मागे बसलेल्या मुलांना मळमळतं. त्याची पातळी कमी करता येते, कशी ते विचारून घ्या. आणि डिकी उघडून स्टेपनी आहे का ते बघा. बऱ्याच गाड्यांत पंक्चरचं किट असतं, चाक नसतं. गावच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग नाही.

प्रश्न : माझी नवी गाडी एलएफपी बॅटरीची आहे. शेजारी म्हणतात, ८० टक्क्यांच्या वर भरलीस तर बॅटरी लवकर मरेल. पुस्तिकेत आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा असं लिहिलंय. कुणाचं ऐकू?

उत्तर : पुस्तिकेचं. शेजाऱ्यांची गाडी एनएमसीची, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची असेल. त्या बॅटरीला रोज १०० टक्क्यांवर उभं ठेवणं मानवत नाही, विशेषतः उन्हाळ्यात, आणि प्रवासाला निघतानाच पूर्ण भरणं चांगलं. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ती टिकाऊ, स्वस्त, उष्णतेला धीराची. पण तिचा व्होल्टेज ९० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे आत नेमकं किती उरलंय याचा गाडीच्या संगणकाला अंदाज चुकतो. पूर्ण भरली की त्याचा हिशेब पुन्हा जागेवर येतो. म्हणून ती सूचना. थंडीत मात्र ती एनएमसीपेक्षा जास्त आळसावते.

एलएफपी ज्यांच्या प्रयोगशाळेतून आली त्या जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो त्यांच्यासोबत होते. १९९० च्या दशकात एलएफपीचं काम झालं तेव्हा गुडइनफ सत्तरी ओलांडलेले होते. मला हे आठवलं की बरं वाटतं.

प्रश्न : आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो, पार्किंग सामायिक, सॉकेट नाही. इमारतीची समिती म्हणते, सगळ्यांनी गाड्या लावल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल. सार्वजनिक चार्जरवर भागेल का?

उत्तर : आज भागवू नका. रात्री किंवा ऑफिसात, दोन्हीपैकी एके ठिकाणी चार्जिंग नसेल तर मी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला सांगत नाही. आठवड्यातून दोनदा चार्जर शोधत फिरणं, रांगेत थांबणं, महाग वीज घेणं. महिन्याभरात तुम्ही त्या चांगल्या गाडीचा तिरस्कार करू लागाल. तोपर्यंत जुनी गाडी नीट सर्व्हिस करून चालवा, नाहीतर हायब्रिड बघा.

पण समितीचा मुद्दा खोडता येतो. ३० गाड्यांनी एकाच वेळी ७.४ किलोवॉट ओढले तर २२२ किलोवॉट होतात, हे खरं. तसं कधी होत नाही, कारण रोजच्या फिरण्यानंतर प्रत्येकीला ७-८ युनिटंच हवी असतात. ३० गुणिले ८ म्हणजे २४० युनिटं, रात्रीच्या ८ तासांत वाटली तर ३० किलोवॉट. असं वाटून देणारे चार्जर मिळतात, ते इमारतीचा भार बघून प्रत्येक गाडीचा प्रवाह कमी-जास्त करतात. पुढच्या सभेत हा हिशेब फळ्यावर मांडा. सुरुवातीला दोन-तीनच जण तयार असले तरी वायरिंगची मुख्य वाट सर्वांसाठी एकदाच टाकून घ्या, नंतर पुन्हा भिंती फोडाव्या लागणार नाहीत.

प्रश्न : तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही चांगल्या किमतीत मिळते आहे. इंजिन नाही, तर तपासायचं काय?

उत्तर : बॅटरीची तब्येत. सर्व्हिस सेंटरकडून किंवा गाडीच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची जागा) जोडायच्या यंत्राने 'स्टेट ऑफ हेल्थ' काढून घ्या, कागदावर. पहिल्या एक-दोन वर्षांत क्षमता थोडी झपाट्याने उतरते आणि मग घसरण मंदावते, त्यामुळे तीन वर्षांनी ९० टक्क्यांच्या आसपास दिसलं तर घाबरू नका. बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, ७० टक्के क्षमतेची वॉरंटी देतात. ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, हे लेखी घ्या.

मग गाडी जॅकवर घेऊन खालचं बॅटरीचं कवच बघा. दगडाचा मार बसून पत्रा आत गेला असेल तर तो व्यवहार सोडून द्या, कितीही स्वस्त असो. टायर झिजलेले असतील तर नवल नाही, वजन आणि मोटरचा जोर दोन्ही जास्त. बदलताना त्याच भार-क्षमतेचे घ्या. ब्रेकचं मात्र उलटं. मोटर वेग कमी करत असल्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्क गंजतात. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांचे पॅड नव्यासारखे होते आणि डिस्क खवल्यांच्या. आणि एक बारीकशी गोष्ट : या गाडीतही १२ व्होल्टची साधी बॅटरी असते. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. तिचं वय विचारा, तीन-चार वर्षं झाली असतील तर बदलून टाका.

प्रश्न : मी नववीत आहे. आमची एसयूव्ही लिटरला ११ किलोमीटर जाते. बाबा म्हणतात, वीजही कोळशाचीच असते, मग इलेक्ट्रिक घेऊन काय फायदा? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : बाळा, बाबांचा प्रश्न बरोबर आहे, म्हणून हिशेब करूनच उत्तर देऊ. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग सव्वादोन किलो कुठून आला? हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो, हे तुझ्या रसायनशास्त्रात येईल. १०० किलोमीटरला तुमची गाडी ९ लिटरपेक्षा थोडं जास्त पिते, म्हणजे २१ किलो. तेल काढणं, शुद्ध करणं, आणणं, हे वेगळं.

आता वीज. १०० किलोमीटरला १७ युनिटं, चार्जिंगचं नुकसान धरून १९. कोळशाच्या वीजकेंद्रातून एका युनिटमागे साधारण १ किलो निघतो. म्हणजे १९ किलो. नुसत्या कोळशावर फरक थोडाच पडतो, आणि बॅटरी बनवतानाही प्रदूषण होतं, तेव्हा तिथवर बाबांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण तारेतून येणारी वीज बहुतेक ठिकाणी मिश्र असते, तिच्यात पाणी, वारा, ऊन, अणुऊर्जा यांचा वाटा असतो. तो वाटा निम्मा झाला की तुझे १९ चे साडेनऊ होतात. पेट्रोलच्या गाडीचे २१ मात्र ती भंगारात जाईपर्यंत २१ च राहतात, उलट इंजिन झिजेल तसे थोडे वाढतात. तुमच्या विजेत कोळसा किती आहे ते शोधून काढ, त्या प्रमाणात १९ ला गुण, आणि आलेला आकडा बाबांना दाखव. मलाही लिहून कळव.